गुडघा टेकावा की हात जोडावेत?

रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकू नयेत, असा नियम खुद्द चर्चनेच एकदा केला होता, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. कॅथलिक माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेदीसमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेली मूर्ती येते. सिनेमावाल्यांनी तर त्या चित्रावर शिक्काच मारून ठेवला आहे. पण इसवी सन ३२५मध्ये नायकिया इथे जी मोठी धर्मपरिषद भरली, तिच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे, की रविवारी आणि ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या पन्नास दिवसांत प्रार्थना उभ्यानेच करावी. कारण असं, की रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. मेलेला उठून उभा राहिला, त्या दिवशी भक्तानेही उभंच राहावं. गुडघे टेकणं ही पश्चात्तापाची खूण, आणि आनंदाच्या दिवशी पश्चात्ताप कसला?

पुढे काही शतकांनी पश्चिम युरोपात हेच चित्र उलटं झालं. गुडघे टेकणं ही आदराची परिसीमा ठरली आणि उभं राहणं जरा उद्धटपणाचं वाटू लागलं. पूर्वेकडच्या चर्चनी मात्र जुनी रीत पुष्कळशी सांभाळली. श्रद्धा तीच, येशू तोच. शरीराने ती कशी बोलावी, याबद्दलचं मत तेवढं बदललं.

मला या विषयाची गोडी लागली ती धर्मशास्त्रामुळे नव्हे, ओवीमुळे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. आमचे श्रीगोंद्याचे शेख महंमद याच सतराव्या शतकात ओवीत ‘योगसंग्राम’ लिहीत होते. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, दोघांनी आपल्या देवाची गोष्ट सांगायला ज्ञानेश्वरांचा छंद उचलला. कवी म्हणून मला याचा फार आनंद वाटतो. पण मग प्रश्न पडला, की शब्द मराठी झाले, छंद मराठी झाला, शरीराचं काय? तो नवा ख्रिस्ती माणूस देवापुढे गेल्यावर वाकत कसा होता? हात जोडत होता, की रोमने सांगितलं म्हणून उजवा गुडघा जमिनीला लावत होता?

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीत काय आहे? तर पुष्कळ आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. नमाजात रुकूला वाकण्याआधी आणि रुकूतून उठताना आम्ही दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलतो. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी; ते फक्त सुरुवातीला हात उचलतात. आम्ही ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, ते मनातल्या मनात. दोन्ही बरोबर, असं चांगले मौलवी सांगतात. तरी बनारसच्या एका मशिदीत कुणी मोठ्याने ‘आमीन’ म्हटलं म्हणून खटला झाला आणि तो १८८५मध्ये अलाहाबाद हायकोर्टापर्यंत पोहोचला. न्यायमूर्ती सय्यद महमूद, म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव, यांनी त्यात सविस्तर मत लिहिलं. एक शब्द किती मोठ्याने उच्चारावा, यावर ब्रिटिश सरकारच्या न्यायालयाने धर्मग्रंथांची पानं उलटावी लागली! तेव्हा हातवाऱ्यांच्या भांडणाला क्षुल्लक म्हणण्याचं धाडस मी तरी करणार नाही.

आता क्रूसाची खूण घ्या. कॅथलिकांची ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात जुनी क्रिया. सुमारे इसवी सन २००च्या सुमारास टर्टुलियन लिहितो, की ख्रिस्ती माणसं घरातून निघताना, परतताना, जेवताना, दिवा लावताना कपाळावर ही खूण करतात. तेव्हा ती फक्त कपाळावर, अंगठ्याने काढलेली छोटी खूण होती. कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे अशी मोठी खूण नंतर आली. आज रोमन कॅथलिक डाव्या खांद्याकडून उजवीकडे जातात, पूर्वेकडची चर्चेस उजवीकडून डावीकडे. पुष्कळांना वाटतं, की हा भेद सनातन आहे. पण बाराव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले तिसरे इनोसंट स्वतः लिहून गेले आहेत, की खूण तीन बोटांनी करावी आणि उजवीकडून डावीकडे न्यावी. म्हणजे आज रोमन माणसाला जी परक्यांची वाटते, ती एकेकाळी रोमचीच होती. स्पेनमध्ये, लॅटिन अमेरिकेत खूण झाली, की अंगठा आणि तर्जनी यांचा छोटा क्रूस करून त्याचं चुंबन घेतात. तसं करावं असं कुठल्या पोथीत सांगितलेलं नाही. पण आजीने केलं, आईने केलं, लेकीने केलं. फुटबॉलच्या मैदानावर उतरणारा खेळाडूही करतो.

हात जोडण्याचीही गंमत आहे. रोमजवळच्या भुयारी दफनभूमींत जी जुनी भित्तिचित्रं आहेत, त्यांत प्रार्थना करणारी माणसं हात जोडत नाहीत. दोन्ही हात वर, तळवे उघडे, असे उभे असतात. ते चित्र पाहिलं, की मला दुआ मागणारी आमची माणसंच आठवतात. तळव्याला तळवा लावण्याची रीत पश्चिमेकडे मध्ययुगात रुजली. सरदार आपल्या राजापुढे गुडघे टेकून जोडलेले हात राजाच्या हातांत देई आणि निष्ठेची शपथ घेई, त्या दरबारी रिवाजातून ती प्रार्थनेत आली, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण शुद्ध धार्मिक मुद्रा समजतो, ती जमीनदारी व्यवहारातून आलेली असू शकते. आपला नमस्कार त्याच्यासारखाच दिसतो, पण त्याची कुळकथा वेगळी. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे हा नमस्कारच कामाला येणार आहे.

युरोपातला युरोपात हा मामला कसाबसा निभत होता. खरी कसोटी लागली ती मिशनरी जहाजात बसून पूर्वेला आले तेव्हा. चीनमध्ये मात्तेओ रिची आणि त्यांच्या सोबत्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. युरोपात मोठ्या माणसापुढे टोपी काढायची असते, आणि चीनमध्ये मोठ्या माणसापुढे उघड्या डोक्याने जाणं हा अपमान. मग वेदीवर उभ्या असलेल्या धर्मगुरूने काय करावं? १६१५मध्ये पाचव्या पॉल पोपनी परवानगी दिली, की चीनमधल्या धर्मगुरूंनी मिस्सा अर्पण करताना डोकं झाकलं तरी चालेल. त्यासाठी एक खास टोपी तयार झाली. इथवर रोम समजूतदारपणे वागलं. पण पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे वाकावं की नाही, कन्फ्यूशियसला मान द्यावा की नाही, या प्रश्नावर शंभर वर्षं भांडण पेटलं. वाकणं ही पूजा की नुसता आदर? १७०४मध्ये, १७१५मध्ये आणि पुन्हा १७४२मध्ये रोमने निक्षून नाही म्हटलं. चीनचा बादशहा चिडला आणि मिशनचं दार बंद होत गेलं. मग डिसेंबर १९३९मध्ये रोमनेच सांगितलं, की या समारंभांना आता नागरी आदर समजावं, त्यात भाग घ्यायला हरकत नाही. मधल्या दोनशे वर्षांत ज्या चिनी ख्रिस्ती मुलांनी बापाच्या नावापुढे मान लववली नाही आणि गावाच्या शिव्या खाल्ल्या, त्यांना हे कोण सांगणार होतं?

आपल्याकडची कथा याहून गुंतागुंतीची आहे. रॉबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६मध्ये मदुरैला पोहोचला. तिथे त्याने पाहिलं, की पोर्तुगीजांना लोक ‘परंगी’ म्हणतात, आणि परंगी म्हणजे गोमांस खाणारा, दारू पिणारा, अंघोळ न करणारा. ख्रिस्ती होणं म्हणजे परंगी होणं, असं समीकरण झालेलं. नोबिलीने भगवी वस्त्रं घातली, मांस सोडलं, तमिळ आणि संस्कृत शिकला, चंदन लावलं आणि ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना जानवं, शेंडी ठेवू दिली. बराच वाद झाला. शेवटी जानेवारी १६२३मध्ये पंधराव्या ग्रेगरी पोपनी काही अटींवर या गोष्टींना मान्यता दिली.

पण जानवं आणि चंदन यांहून मला जो तपशील खिळवून ठेवतो, तो थुंकीचा आहे. जुन्या रोमन पद्धतीत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू आपल्या बोटाला थुंकी लावून बाळाच्या कानांना आणि नाकाला स्पर्श करी. याला आधार शुभवर्तमानाचा. येशूने एका बहिऱ्या-मुक्या माणसाला असंच थुंकी लावून बरं केलं होतं. युरोपात यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण तमिळ मुलखातल्या आईबापांना काय वाटलं असेल, याची मराठी वाचकाला कल्पना द्यायला नको. आपल्याकडे ‘उष्टं’ असा एक शब्द आहे आणि त्या शब्दात अख्खं समाजशास्त्र आहे. बाळाच्या तोंडाशी परक्याचं उष्टं! मदुरैच्या मिशनऱ्यांनी हा भाग गुपचूप गाळायला सुरुवात केली. संस्कार पूर्ण, फक्त थुंकी वगळून.

नोव्हेंबर १७०३मध्ये पोपचे दूत शार्ल तोमा मयार द तुर्नों पाँडिचेरीला उतरले. मुक्काम आठ महिने. जून १७०४मध्ये त्यांनी सोळा कलमांचं फर्मान काढलं, त्यात थुंकी वगळू नये, असं बजावलं. वधूच्या ताळीवर गणपतीची प्रतिमा नको, लग्नातले अमुक विधी नकोत, कपाळावर भस्म नको. वाचताना वाटतं, काय हा हट्टी परदेशी माणूस! चार दिवस राहिला आणि साऱ्या मुलखाचे रीतिरिवाज मोडायला निघाला.

पण थांबा. त्याच फर्मानात आणखी काय आहे, ते पाहा. रजस्वला स्त्रीला चर्चमध्ये येण्यापासून, पापनिवेदनापासून, ख्रिस्तप्रसादापासून अडवू नये, असं त्यात आहे. आणि परया जातीचा ख्रिस्ती माणूस आजारी पडला, मरणाच्या दारी टेकला, तर धर्मगुरूने त्याच्या घरी जाऊन अखेरचे संस्कार द्यावेत, असं आहे. हे वेगळं सांगावं का लागलं? कारण ब्राह्मणी संन्याशाचा वेश घेतलेले फादर परयांच्या झोपडीत जात नव्हते. गेले असते, तर वरच्या जातींनी त्यांना दारात उभं केलं नसतं. म्हणून आजाऱ्यालाच उचलून चर्चपर्यंत आणावं लागे. स्थानिक रीतीचा मान राखणं म्हणतात ते हेही होतं.

इथे माझी सहानुभूती पाठीत लचक भरल्यासारखी अडकते. थुंकीच्या बाबतीत मी त्या तमिळ आईच्या बाजूचा, झोपडीच्या बाबतीत तुर्नोंच्या. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. १७४४मध्ये चौदाव्या बेनेडिक्ट पोपनी या वादावर शेवटचा शिक्का मारला आणि भारतात येणाऱ्या मिशनऱ्यांना हे नियम पाळण्याची शपथ घ्यावी लागू लागली. परयांच्या झोपडीचा प्रश्न कसा सुटला? त्यांच्यासाठी वेगळे मिशनरी नेमून. ही युक्ती ज्याला सुचली, त्याला आपला समाज चांगलाच कळला होता, असं म्हणावं लागतं. ती शपथ १९४०मध्ये रद्द झाली. आणि थुंकी? १९६९मध्ये बाप्तिस्म्याचा जो नवा विधी रोमने सगळ्या जगासाठी प्रसिद्ध केला, त्यात कानाला आणि तोंडाला अंगठ्याने नुसता स्पर्श करायचा आहे. थुंकी गेली. मदुरैच्या बायकांनी अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी जे मागितलं, ते मिळालं. फक्त त्यांना मिळालं नाही.

गोव्यात तर हा प्रश्न चर्चच्या दारातून बाहेर पडून स्वयंपाकघरात शिरला. १५६०मध्ये तिथे इन्क्विझिशन सुरू झालं, ते मधल्या चार वर्षांचा खंड सोडला तर १८१२पर्यंत चाललं. त्याचं १७३६चं फर्मान ही वाचण्यासारखी चीज आहे. त्यात ख्रिस्ती झालेल्यांनी अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी हिंदू धर्तीची चोळी घालू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, हळद लावू नये, असं बारीकसारीक सांगितलं आहे. बिनमिठाचा भात शिजवू नये, असंही आहे! हिंदू लोक भातात मीठ घालत नाहीत, म्हणून ख्रिश्चनाच्या भातात मीठ हवं. ज्या भूमीत स्टीफन्सने ओवीत येशूची कथा सांगितली, त्याच भूमीत सव्वाशे वर्षांच्या आत लग्नाची ओवी गुन्हा ठरली. लोकांनी काय केलं? जेवढं लपवता येईल तेवढं लपवलं, आणि उरलेल्याला नवं रूप दिलं. गोव्यातल्या कित्येक ख्रिस्ती घरांच्या अंगणात आजही वृंदावनासारखाच चौथरा दिसतो. वर तुळशीच्या जागी क्रूस असतो. त्याला फुलं वाहतात, त्याच्यापुढे दिवा किंवा मेणबत्ती लावतात आणि शेजारपाजार जमवून लादाईन गातात. आणि लग्नाआधीचा ‘रोस’ म्हणजे नारळाचा रस वधूवरांना लावून आंघोळ घालणं. हळदी नाही तर नाही, नारळ तर आहे!

बंदीचं मोडणं असं शांतपणे चाललं होतं. मग एका मोठ्या वळणावर रोमने स्वतःच दार उघडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेबद्दलचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात असं म्हटलं, की जिथे श्रद्धेला बाध येत नाही तिथे साचेबंद एकरूपता लादण्याची चर्चची इच्छा नाही. लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या. वसईच्या, उत्तनच्या, रायगडच्या कॅथलिकांनी मिस्सा मराठीत ऐकली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे ‘सुबोध बायबल’ लिहून गेले आणि जानेवारी २०२०मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यामागे याच दाराची उघडझाप आहे, असं मला वाटतं. २०२४च्या जुलैत ते गेले. त्यांची मराठी ऐकताना ही भाषा देवळातली, मशिदीतली की चर्चमधली, हे विचारायची गरज पडत नसे.

भाषेपाठोपाठ शरीराची पाळी आली. भारतातल्या बिशपांनी रोमकडे एक बारा कलमी प्रस्ताव पाठवला आणि २५ एप्रिल १९६९ रोजी तो मंजूर होऊन आला. बंगळूरचे फादर डी. एस. अमलोरपवदास या कामात आघाडीवर होते. त्या बारा कलमांतली काही सांगतो. मिस्सेच्या वेळी जमिनीवर बसता येईल आणि पादत्राणं काढता येतील. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकता येईल. पंचांग प्रणाम करता येईल. पवित्र ग्रंथाचं किंवा वेदीचं ओठांनी चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावता येईल. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल. धर्मगुरूच्या जाडजूड झग्याऐवजी साधा अंगरखा आणि त्यावर उपरणं. कापडाऐवजी तबक. शांतीचं चुंबन म्हणून जे होतं, त्या जागी एकमेकांना नमस्कार. आणि शेवटी, फुलांची, धुपाची, दिव्याची आरती.

पवित्र वस्तूला हात लावून तो डोळ्यांना लावणं! हे कलम लिहिणाऱ्याला मी मनोमन दाद देतो. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर आपण काय करतो? दर्ग्याच्या चादरीला काय करतो? पंढरीच्या वाटेवर भेटलेल्या वारकऱ्याच्या पायांना काय करतो? ही एक हालचाल या भूमीतल्या सगळ्या धर्मांची आहे, आणि ती करायला कुणाला शिकवावी लागत नाही. चारशे वर्षं ख्रिस्ती घरांत ती चालूच असणार. १९६९मध्ये तिला फक्त परवानगी मिळाली.

पण परवानगी मिळाली म्हणून सगळे खूश झाले, असं नाही. विरोध दोन बाजूंनी झाला. पहिला विरोध भाविकांचाच. ज्यांच्या वाडवडिलांना ‘हे सोडा, ते मूर्तिपूजेचं आहे’ असं फर्मावलं होतं, त्यांच्या नातवंडांना आता ‘तेच करा, ते आपलं आहे’ असं सांगितलं जात होतं. पिढ्यानपिढ्या ज्या गोष्टी सोडण्यासाठी किंमत मोजली, त्या मांडवातून परत आत येताना पाहून माणूस गोंधळणारच. मुंबईत, मद्रासमध्ये, गोव्यात संतापून बोलणारे लोक निघाले. आणि बाहेरच्या काही हिंदू मंडळींनाही संशय आला, की हा धर्मांतराचा नवा डाव आहे. आपलं म्हणून पुढे केलेला हात दोन्हीकडून झटकला गेला.

दुसरा विरोध जास्त खोल होता आणि तो सावकाश पुढे आला. भारतातल्या ख्रिस्ती लोकांत दलितांची संख्या फार मोठी आहे. त्यांच्यातल्या विचारवंतांनी विचारलं, की हे जे ‘भारतीय’ तुम्ही चर्चमध्ये आणता आहात, ते कुणाचं? संस्कृत मंत्र, आरतीचं तबक, शाल-उपरणं, पद्मासन, आश्रम. ज्या गाभाऱ्यात आमच्या आजोबांना पाऊल टाकता आलं नाही, त्याच गाभाऱ्याचा थाट आता वेदीवर? आमचा ढोल, आमचं गाणं, आमचं नाचणं कुठे आहे? तुर्नोंच्या फर्मानातली ती झोपडी इथे पुन्हा समोर येऊन उभी राहते. या प्रश्नाला चर्चने पूर्ण उत्तर दिलं आहे, असं मला दिसत नाही. तमिळनाडूत काही ठिकाणी पराई हे चामड्याचं वाद्य आता चर्चच्या सणांत वाजू लागलं आहे, ही त्यातली एक वाट. एकेकाळी ते वाद्य अशुभ आणि हलकं मानलं जाई.

बारा कलमांचं झालं काय? सगळी ऐच्छिक होती. काही आश्रमांत, धर्मगुरूंच्या शिक्षणसंस्थांत ती मनापासून पाळली गेली. गावोगावच्या चर्चमध्ये मात्र लोकांनी त्यांतली हवी ती उचलली. समारंभाच्या आरंभी समई पेटवणं सर्रास झालं. पाहुण्या बिशपांना आरती ओवाळतात. पंचांग प्रणाम फारसा रुजला नाही, आणि गुडघे टेकणं काही सुटलं नाही. ज्याला चारशे वर्षं सवय झाली, त्या गुडघ्यालाही आता परका म्हणता येत नाही. तो वसईच्या मातीत मळलेला गुडघा आहे.

सगळ्यात सहज रुजला तो शांतीचा नमस्कार. मिस्सेत एका क्षणी धर्मगुरू सांगतात, की एकमेकांना शांती द्या. युरोपात, अमेरिकेत लोक हस्तांदोलन करतात, कुठे मिठी मारतात, कुठे गालाला गाल लावतात. आपल्याकडे शेजारच्याकडे वळून हात जोडतात. दोन्ही हात मोकळे असले म्हणजे झालं. ओळख असो वा नसो, स्त्री असो वा पुरुष, संकोच नाही. २०२०च्या आरंभी करोनाची साथ पसरू लागली तेव्हा देशोदेशींच्या बिशपांनी पत्रकं काढली: हस्तांदोलन बंद करा, दाराजवळच्या पवित्र पाण्यात बोटं बुडवू नका, ख्रिस्तप्रसाद जिभेवर न घेता हातावर घ्या. हातावर की जिभेवर, हाही पन्नास वर्षांचा जुना वाद. चौथ्या शतकात जेरुसलेममधल्या शिकवणीत नवख्रिस्ती माणसांना सांगत, की डावा हात उजव्याचं सिंहासन कर आणि प्रसाद त्यावर घे. नंतर हजारेक वर्षं तो जिभेवरच घ्यायचा, असं ठरलं; १९६९च्या मे महिन्यात रोमने ठिकठिकाणच्या बिशपांना हातावर देण्याची परवानगी मागायची मुभा दिली. त्यावर कागदांचे ढीग लिहिले गेले, आणि एका विषाणूने काही आठवड्यांत तेवढ्यापुरता निकाल लावला. २०२१च्या जानेवारीत राखेच्या बुधवारसाठी रोमने सांगितलं, की कपाळावर बोटाने राख लावू नका, डोक्यावर शिंपडा. इटलीत पूर्वीपासून शिंपडतातच. कपाळावर क्रूस काढण्याची सवय असलेल्यांना तेवढं चुकल्यासारखं वाटलं.

केरळात मात्र गोष्टी इतक्या सोप्या राहिल्या नाहीत. तिथलं सिरो-मलबार चर्च रोमशी जोडलेलं, पण त्याची उपासना पूर्वेकडच्या सिरियन परंपरेची. धर्मगुरूने वेदीकडे तोंड करावं की लोकांकडे, यावरून तिथे अनेक वर्षं धुसफुस होती. ऑगस्ट २०२१मध्ये त्यांच्या बिशपांच्या सभेने ठरवलं, की पहिला भाग लोकांकडे तोंड करून आणि अर्पणाचा भाग वेदीकडे तोंड करून, असं सगळीकडे एकच व्हावं. एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंनी आणि लोकांनी ते मानलं नाही. २०२२च्या अखेरीस एर्नाकुलमच्या मुख्य चर्चमध्ये नाताळच्या तोंडावर वेदीपाशीच झटापट झाली, पोलीस आले, चर्चला कुलूप लागलं. २०२५च्या मध्यावर तडजोड झाली: रविवारी निदान एक मिस्सा नव्या पद्धतीने व्हावी, बाकीच्या जुन्या सवयीने होऊ शकतील. बनारसच्या ‘आमीन’ची आठवण आली, ती उगीच नाही.

या सगळ्या नियमावल्यांच्या बाहेर, किंवा खाली म्हणा, आणखी एक जग आहे. तमिळनाडूत नागपट्टिनमजवळ वेलांकन्नीला भगवी वस्त्रं नेसून, पायी चालत येणारे यात्रेकरू आहेत; त्यांतले कित्येक हिंदू. नवस फेडायला ते डोकं भादरतात, वाळूच्या वाटेवरून गुडघ्यांवर सरकत जातात. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. हाकेच्या अंतरावर मखदूम शाह बाबांचा दर्गा. एकाच फुलवाल्याकडून दोन्हीकडे फुलं जाताना मी पाहिली आहेत. चर्चच्या बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात. हात, पाय, डोळे, पाळण्यातलं बाळ, छोटंसं घर. ज्याचं जे दुखतं, किंवा ज्याला जे हवं, ते तो विकत घेऊन आत नेऊन ठेवतो. आत गेल्यावर कुणी कपाळ ते छाती ते खांदे अशी खूण करतं, कुणी नमस्कार करून तोच हात डोळ्यांना लावतं, बुरख्यातली एखादी बाई भिंतीशी उभी राहून तळवे उघडते. हातावर की जिभेवर, डावीकडून की उजवीकडून, हे तिथे त्यांना कुणी विचारत नाही. नऊ बुधवार पुरे झाले, की मेणाचं घर घेऊन आलेला माणूस पुन्हा रांगेत दिसेनासा होतो. त्याला खोली मिळाली, की त्याने नाद सोडला, ते मेणवाल्यालाही ठाऊक नसतं.